ऐच्छिक वळसा

तिसऱ्या दिवशी दुपारी, ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेन गावात, मावशीने सायकल थांबवून विचारलं, "वर काय आहे गं?"

डाव्या हाताला एक रस्ता टेकडीवर चढत होता. पाटी होतीच. माझ्या हँडलबारवरच्या प्लास्टिकच्या खिशात सहल कंपनीने दिलेली पुस्तिका होती आणि त्या पानावर काय लिहिलंय हे मी सकाळी नाश्त्यालाच वाचलं होतं. मी म्हणाले, "कॉन्सन्ट्रेशन कॅम्पचं स्मारक आहे. पण ते ऑप्शनल आहे. चढ आहे बराच."

"ऑप्शनल म्हणजे?"

"म्हणजे ऐच्छिक. रूटमध्ये नाही."

मावशी सांगलीच्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. दुसरं महायुद्ध तिने कितीतरी वर्षं शिकवलं असेल. ती वीसेक मीटर वर चढलीसुद्धा. तिची ई-बाइक होती, तिला चढाचं काही वाटत नव्हतं. मी तिच्यामागे निघाले आणि माझ्या खिशातला फोन वाजला: मार्ग सुटला आहे. मी म्हणाले, "मावशी, ग्राइन अजून तीस-पस्तीस किलोमीटर आहे. उशीर होईल." ती काही न बोलता खाली आली. दमले होते मी, हे खरं कारण. पण दमल्याचं कबूल करायची वेळच आली नाही. पुस्तिकेने माझ्या हातात एक शब्द आधीच देऊन ठेवला होता.

हा लेख त्या पुस्तिकेबद्दल आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाहीच. अशा चार-पाच पुस्तिका आणि अ‍ॅप मी नंतर मिळवून वाचले आणि सगळ्यांची बोली एकच निघाली. साहित्य म्हणून कोणी त्यांच्याकडे बघत नाही. पण हजारो लोक दर उन्हाळ्यात आठ-आठ दिवस हा एकच मजकूर ओळ न ओळ वाचतात आणि त्यात लिहिलंय तसं वागतात. एवढा आज्ञाधारक वाचक कुठल्या कादंबरीला मिळतो?

आधी प्रकार काय तो सांगते. 'सेल्फ-गाइडेड' सायकल सहल म्हणजे गाइड नाही, गट नाही. कंपनी तुम्हाला भाड्याची सायकल देते, रोजचं हॉटेल ठरवते, तुमची बॅग गाडीने एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला पोचवते आणि हातात पुस्तिका ठेवते. बाकी तुमचं तुम्ही. लुआरचे राजवाडे, टस्कनीच्या टेकड्या, मोझेलचे द्राक्षमळे, सगळीकडे हा धंदा चालतो. त्यातला सगळ्यात लोकप्रिय मार्ग आम्ही निवडला होता: जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाने, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. अटलांटिकजवळच्या नाँतपासून काळ्या समुद्रावरच्या कोन्स्तांत्सापर्यंत जाणाऱ्या 'युरोव्हेलो ६' या लांबलचक मार्गाचा हा एक तुकडा. मी जर्मनीत नोकरी करते. मावशीला तिच्या साठीनिमित्त काहीतरी द्यायचं होतं. सपाट रस्ता, नदीच्या उताराच्या दिशेने प्रवास, पाठीवर ओझं नाही. साठीच्या माणसाला यापेक्षा चांगलं काय देणार?

आता मजकूर. या पुस्तिकेत दोन आवाज आहेत. पहिला दिशा सांगणारा. पूल ओलांडा, लगेच उजवीकडे वळा, दोनशे मीटरनंतर खडी आहे, ब्रेक सांभाळा. बेकरी रविवारी बंद असते, पाणी आदल्या गावात भरून घ्या. या आवाजात एकही विशेषण नाही. आपल्या प्रवासवर्णनांत पानोपानी 'मी' असतो. 'अपूर्वाई'तून पु.लं.चा 'मी' काढला तर युरोप उरेल, पुस्तक उरणार नाही. इथे 'मी' औषधालासुद्धा नाही. सगळी वाक्यं आज्ञार्थी, कर्ता न बोललेला 'तुम्ही'. तरी प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी खरंच सायकल चालवलेली आहे हे कळतं. खडी कुठे आहे हे खडीवरून घसरल्याशिवाय लिहिता येत नाही. मला हा आवाज मनापासून आवडला. मराठीत इतकं कामाचं, इतकं निर्मळ गद्य मी अलीकडे फारसं वाचलेलं नाही.

त्याचा एक उत्तम नमुना पहिल्या मुक्कामाशी आला. श्ल्योगेनला डॅन्यूब डोंगरात अडकून जवळजवळ मागे वळते. डाव्या तीरावरचा सायकलमार्ग त्या वळणात काही अंतर तुटतो, नावेशिवाय पुढे जाता येत नाही. पुस्तिका सांगत होती की नाव पलीकडे असेल तर हात करा आणि वाट बघा. आम्ही हात केला आणि वाट बघितली. फोनवर बघण्यासारखं काही नव्हतं. नावाडी त्याच्या वेळेने आला. दुसऱ्या दिवशी ओटन्सहाइमला भेटलेल्या फेरीला तर इंजिनच नव्हतं. नदीवर आडवा तारेचा दोर, त्याला अडकवलेली होडी, आणि प्रवाहच तिला पलीकडे ढकलतो. पुस्तिकेने या फेरीबद्दल दोन कोरडी वाक्यं लिहिली होती आणि ती पुरेशी होती. चांगला मार्गदर्शक योग्य जागी गप्प बसतो, तसं.

दुसरा आवाज चौकटींमध्ये राहतो. फिकट हिरव्या रंगाच्या चौकटी, वर 'बघण्यासारखं' असा मथळा. इथे विशेषणांचा पूर येतो. गावं स्वप्नवत, मठ भव्य, वाइन अविस्मरणीय. ही चौकट लिहिणारा सायकलवर बसलेला नाही, तो ऑफिसात बसलाय. आणि गाळणी लागते ती इथेच.

एक उदाहरण. पाचव्या दिवशी वाखाऊच्या खोऱ्यात ड्युर्नस्टाइन लागतं. डोंगरावर पडका किल्ला. ११९२ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड, तो सिंहाच्या काळजाचा, याला ऑस्ट्रियाच्या लिओपोल्डने पकडून इथे डांबलं होतं. पुढे प्रचंड खंडणी मोजून तो सुटला. या किल्ल्याला पुस्तिकेत पूर्ण पान आहे. चढ इथेही आहे, चांगला दमवणारा. पण त्या चढाला 'ऐच्छिक' म्हटलेलं नाही. त्याला 'चुकवू नये असा' म्हटलंय. त्याच खोऱ्यातल्या विलेनडॉर्फला १९०८ मध्ये चुनखडीची इवलीशी स्त्रीमूर्ती सापडली. जेमतेम अकरा सेंटिमीटरची. ती आता तिथे नाहीच, व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. तरी तिला चौकट आहे. त्स्वेन्टेनडॉर्फला नदीकाठी एक अणुऊर्जा प्रकल्प उभा आहे, पूर्ण बांधून झालेला आणि कधीच सुरू न झालेला. ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात साडेपन्नास टक्क्यांच्या आसपास लोकांनी नको म्हटलं म्हणून. त्यालाही चौकट आहे आणि ती छान लिहिली आहे.

म्हणजे पुस्तिकेला इतिहासाचं वावडं नाही. कैदेचंही नाही. आठशे वर्षांपूर्वीची कैद तिला चालते, कारण ती आता गोष्ट झाली आहे. १९३८ मधली कैद तिला अवघड जाते. माउटहाउझेनबद्दल पुस्तिकेत दीड ओळ आहे: स्मारक, टेकडीवर, चढ तीव्र, ऐच्छिक. ही दीड ओळ दिशा सांगणाऱ्या कोरड्या आवाजात आहे. विशेषणं नाहीत, ते बरंच आहे. पण खडीच्या सूचनेला जेवढी जागा मिळाली तेवढीच याला मिळाली. वाचणाऱ्याच्या डोक्यात ती सूचना खडीच्याच रांगेत बसते: टाळता आली तर बरी.

टेकडीवर काय आहे ते इथे लिहिते, कारण पुस्तिकेने लिहिलं नाही. ऑगस्ट १९३८ मध्ये ही छळछावणी सुरू झाली. जागा ठरली ती ग्रॅनाइटच्या खाणीमुळे. खाण व्हिएन्ना शहराच्या मालकीची होती आणि व्हिएन्नाच्या रस्त्यांचे दगड आधीपासून तिथून जात होते. कैद्यांना दगड पाठीवर घेऊन खाणीतून वर यावं लागे, १८६ पायऱ्या. मुख्य छावणी आणि तिच्या पोटछावण्या मिळून सुमारे १,९०,००० माणसं इथे डांबली गेली आणि किमान ९०,००० मेली. ५ मे १९४५ ला अमेरिकन सैन्य पोचलं.

पाठीवरच्या ओझ्यातून मोकळं करणं हाच ज्या सहलीचा धंदा आहे, ती या पायऱ्यांच्या पायथ्याशी येऊन 'ऐच्छिक' म्हणते.

ग्राइनला संध्याकाळी हॉटेलात पोचलो तर आमच्या बॅगा रिसेप्शनशेजारी रांगेत उभ्या होत्या, प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. मावशीने रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, हे आणून कोण ठेवतं? तिला माहीत नव्हतं. मावशी दोनदा आळंदीहून पंढरपूरला पायी गेलेली आहे. दिंडीचं सामानही ट्रकनेच पुढे जातं. तंबू, भांडी, वळकट्या सगळं आधी मुक्कामाला पोचतं आणि वारकरी हलका चालतो. मावशी म्हणाली, "आमच्या ट्रकवाल्याला आम्ही नावाने ओळखायचो. रोज रात्री तो आमच्याच पंगतीला असायचा." मला 'सेल्फ-गाइडेड' या शब्दातला 'सेल्फ' तेव्हा पहिल्यांदा खटकला. तुमचं तुम्ही करताय असं वाटायला लावण्यासाठी किती माणसांना दिसेनासं करावं लागतं.

ही सवय या रस्त्याला जुनी आहे. नदीकाठची ही सपाट वाट मुळात सायकलसाठी नव्हती. आगबोटी येण्याआधी माल भरलेली जहाजं प्रवाहाविरुद्ध वर न्यायची तर काठावरून घोडे जुंपून ओढावी लागत. त्या घोड्यांची आणि त्यांना हाकणाऱ्यांची ही वाट. आज आपण त्यावरून उताराच्या दिशेने जातो. काठावरच्या पाट्या डॅन्यूबच्या मुखापासूनचं अंतर दाखवतात. पासाऊला ते सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास असतं, व्हिएन्नाला एकोणीसशेच्या घरात येतं. आकडा उतरत जातो आणि आपण काही न ओढता पुढे सरकत राहतो.

रात्री जेवताना मावशी एवढंच म्हणाली, "ऐच्छिक म्हणजे परीक्षेला न येणारं. मुलं ते वाचत नाहीत. आम्हीसुद्धा घाईत असलो की शिकवत नसू."

मला राग आला. तिचा नाही. तरी मी फोन काढून शोधत बसले आणि तेव्हा कळलं की दुपारी आम्ही आणखी एक जागा ओलांडून आलो होतो, जिचा पुस्तिकेत उल्लेखच नव्हता. माउटहाउझेनच्या पाचेक किलोमीटर आधी, नदीपासून जवळच, गुझेन. १९४० मध्ये इथे माउटहाउझेनची जोडछावणी उघडली. सुमारे ७१,००० माणसं इथे आणली गेली, त्यातली किमान ३५,००० मेली. शेजारच्या सांक्ट गेओर्गेन गावाखाली कैद्यांकडून बोगदे खोदून घेतले आणि त्यात मेसरश्मिट जेट विमानांचे सांगाडे बनवले. युद्धानंतर छावणीच्या बऱ्याचशा जागेवर घरं झाली. बागा, गॅरेज, झोपाळे. आणि मुख्य म्हणजे, गुझेन सपाट आहे. चढाचं कारणच नव्हतं.

सहल संपल्यावर व्हिएन्नात आमच्याकडे एक दिवस मोकळा होता. पुस्तिकेच्या म्हणण्याप्रमाणे तो श्योनब्रुन राजवाड्याचा. आम्ही सकाळची रेल्वे धरून लिंझला परत आलो आणि बसने गुझेनला गेलो. तिथे १९६५ मध्ये उभं राहिलेलं एक छोटं काँक्रीटचं स्मारक आहे. मिलानच्या ज्या वास्तुशिल्पींनी ते आखलं त्यांच्यातला एक, लुदोविको बेल्जोयोझो, स्वतः इथला कैदी होता. आणि तिथून सुरू होतो एक श्राव्य-मार्ग, ज्याने माझं हे सगळं वाचन उलटंपालटं केलं.

याच भागात वाढलेल्या क्रिस्टोफ मायर नावाच्या कलावंताने तो २००७ मध्ये केला. नाव 'अदृश्य छावणी'. कानाला हेडफोन लावायचे आणि आवाज सांगेल तसं चालायचं. सुमारे दीड तास. तुम्ही गुझेनच्या गल्ल्यांतून सांक्ट गेओर्गेनकडे चालत जाता आणि कानात वाचलेल्या कैद्यांचे, शेजाऱ्यांचे, पहारेकऱ्यांचेही शब्द येत राहतात. सरळ चला. इथे थांबा. वळा. समोर एक घर, बाहेर ट्रॅम्पोलिन.

प्रकार तोच. गाइड नाही, गट नाही, आज्ञार्थी वाक्यं, न बोललेला 'तुम्ही'. दोन्ही मजकूर सेल्फ-गाइडेड आहेत. पण पुस्तिका मला पुढे नेण्यासाठी वळवते आणि हा आवाज मला थांबवण्यासाठी वळवतो. पुस्तिका माझ्याकडून निर्णय काढून घेते आणि त्याला स्वातंत्र्य म्हणते. इथे आवाजाने माझ्यावर एक निर्णय टाकला: हे ऐकल्यावर त्या घराच्या खिडकीकडे बघायचं की नाही? विशेषण इथेही नव्हतं. मला वाटतं क्रूरतेबद्दल लिहिताना त्याची गरज पडत नाही, 'उजवीकडे घर क्रमांक अमुक' एवढं पुरतं. दिशा सांगणारा जो कोरडा आवाज मला पुस्तिकेत आवडला होता, त्याच्यात हे सांगायची ताकद होती तर. पुस्तिकेने ती वापरली नाही.

मावशीला इंग्रजी कळतं, पण ते उच्चार अवघड जात होते. मग मी मध्ये मध्ये थांबून मराठीत सांगत होते. एका कुंपणाशी मी मोठ्याने सांगत असताना आत झाडांना पाणी घालणारे एक आजोबा आमच्याकडे बघत राहिले. मी एकदम आवाज खाली आणला. मावशी म्हणाली, "थांबू नकोस." ते आजोबा नळ बंद करून आत गेले. त्यांना आमचा राग आला असेल, कंटाळा आला असेल, किंवा पाणी घालून झालं असेल. मला माहीत नाही. तिथे राहणाऱ्यांनी रोज काय करावं, याचं उत्तर त्या श्राव्य-मार्गानेही दिलं नाही आणि ते मला बरोबर वाटलं.

यावर एक आक्षेप येईल, मी स्वतःच स्वतःवर घेतला होता. माणसं सुट्टीवर आलेली असतात. वर्षभर राबून आठ दिवस मिळतात, त्यातही त्यांना छळछावणी का दाखवायची? आक्षेप खोटा नाही. वरसईच्या गोडसे भटजींना १८५७ चं बंड ऐच्छिक नव्हतं. ते दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. आपण पैसे देऊन, परतीचं तिकीट काढून जातो. न बघण्याचा हक्क आपण विकत घेतलेला असतो. पण मग पुस्तिकेने तसं म्हणावं. तिने चढाचं कारण पुढे करू नये. कुणी नकार द्यायचा तर कशाला नकार देतोय हे कळून द्यावा.

आणि या प्रकारात निवड वाचकाकडे ठेवता येते, हे दुसरीकडे सिद्ध झालंय. बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांतात १९९५ मध्ये सायकलमार्गांचं एक जाळं सुरू झालं. प्रत्येक चौफुल्याला एक नंबर, पाटीवर पुढच्या नंबरांचे बाण, बस्स. ही कल्पना ह्युगो बोलन या खाणीतल्या इंजिनिअरची. जमिनीखाली बोगद्यांमध्ये वाट कळावी म्हणून जशा खुणा असतात, तशाच त्याने वर लावायच्या ठरवल्या. त्या भागातली शेवटची कोळसाखाण १९९२ मध्ये बंद झाली होती. आज ही पद्धत बेल्जियम-नेदरलँड्समध्ये सर्वत्र दिसते. तिच्यात वाक्यच नाही, म्हणून 'मुख्य' आणि 'ऐच्छिक' हा भेदही नाही. ४२ वरून ४३ ला जा, नाहीतर ६० ला जा. रस्ता चुकला असं कोणी सांगत नाही. खाणकामगारांची ती भाषा सुट्टीवरच्या माणसाला जेवढं मोकळं सोडते, तेवढं आमची चकचकीत पुस्तिका सोडत नाही.

अ‍ॅपबद्दल एक शब्द, कारण तुमच्यातले बहुतेक जण पुस्तिका हातात न घेता फोनच बघणार आहात. अ‍ॅपमध्ये दिशेचा आवाज उरतो आणि चौकटी एका बटणामागे जातात. जांभळी रेघ, त्यावर तुमचा निळा ठिपका. कागदावर 'ऐच्छिक' असा शब्द तरी होता, त्यावर मावशी भांडू शकली. रेघेशी भांडता येत नाही. रेघेबाहेर गेलं की फोन वाजतो, एवढंच.

मावशी सांगलीला परत गेली. पुस्तिका माझ्याकडे आहे. तिसऱ्या दिवसाच्या पानावर, समासात, मी पेन्सिलने काही ओळी लिहून ठेवल्यात. पुढच्या उन्हाळ्यात ऑफिसातली एक मैत्रीण तोच मार्ग करणार आहे, तिला ती पुस्तिका देणार आहे. ओळी पहिल्या आवाजात लिहायचा प्रयत्न केलाय:

आबविंडनचं धरण मागे पडल्यावर नदीकाठ सोडा. गुझेनच्या पाट्या बघत जा. रस्ता सपाट आहे. इथे १९४० ते १९४५ छावणी होती, आता घरं आहेत. सायकल स्मारकाशी लावा. हेडफोन लागतील. दीड तास ठेवा. फोन वाजेल, वाजू द्या. बॅगा पुढे गेल्या आहेत, घाई नाही.